हेलसिंकी–टोकियो : नऊ तास की तेरा?

(लेखांक ६)

हेलसिंकीपासून टोकियो किती लांब? सुमारे ७,८०० किलोमीटर. हे उत्तर १९८३ साली बरोबर होतं, २०१९ मध्ये बरोबर होतं आणि आजही आहे. विमानाला किती तास लागतात, हे मात्र कुठल्या सालचं विचारता त्यावर ठरतं.

पृथ्वीगोलावर दोरा ताणून जवळची वाट काढायची रीत गेल्या लेखांकात पाहिली. तोच दोरा इथे ताणला, तर तो फिनलंडहून ईशान्येला चढतो, उरल ओलांडतो, अख्खा सायबेरिया पार करून जपानच्या समुद्राकडे उतरतो. म्हणजे वाटेचा बहुतेक भाग एकट्या रशियाच्या आकाशातून. सगळी गोम इथेच आहे.

सोव्हिएत काळात हे आकाश पाश्चात्य विमानांना बहुतांशी बंद होतं. त्यामुळे युरोपातून जपानला जाणारी विमानं चक्क अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी उतरत. कोपनहेगन–टोकियो सेवेने ही ध्रुवीय वाट १९५७ मध्ये रुळवली. अँकरेज विमानतळावर वाफाळते उदोन नूडल्स मिळत, आणि त्या काळच्या जपानी प्रवाशांना प्रवासापेक्षा ते उदोनच जास्त आठवतात! पुढे एप्रिल १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीने डीसी-१० विमानात जादा इंधन भरून, उत्तर ध्रुवाला वळसा घालत टोकियोपर्यंत विनाथांबा उड्डाण सुरू केलं. वेळ, सुमारे तेरा तास.

सोव्हिएत संघ गेला, सायबेरिया खुला झाला आणि तेरावरून गाडी नऊ-दहा तासांवर आली. फिनएअरने तर याच जवळिकीवर धंदा उभा केला: युरोपभरचे प्रवासी हेलसिंकीत गोळा करायचे आणि आशियात सोडायचे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं. मार्चमध्ये टोकियोची विमानं पुन्हा उडू लागली, ती थेट १९८३च्या वळणावर. पुन्हा तेरा तास.

आता जाताना बहुधा दक्षिणेची वाट: तुर्कस्तान, कॉकेशस, कझाकस्तान, चीन. येताना मात्र जपानहून पूर्वेला पॅसिफिकवर निघायचं, अलास्काकडून ध्रुवावर चढायचं आणि नॉर्वेच्या बाजूने उतरायचं. घर पश्चिमेला आणि विमान पूर्वेला! यात मेख वाऱ्याची आहे. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात; ते पाठीशी घेतले की लांबचा वळसाही परवडतो. मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा तासभर जास्त लागतो, तोही याच वाऱ्यांमुळे. ध्रुवाजवळ आणखी एक काळजी असते, टाक्यांतल्या इंधनाची. नेहमीचं विमान-इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं, म्हणून वैमानिकाला त्याच्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो.

ध्रुवावरून आल्याबद्दल फिनएअरने प्रवाशांना प्रमाणपत्रंही वाटली. हा वळसा मात्र सगळ्यांच्या नशिबी नाही; चिनी कंपन्यांना रशियाची बंदी नाही. त्यामुळे शांघाय–हेलसिंकी मार्गावर चिनी विमान आजही सायबेरियावरून सरळ निघून जातं, आणि फिनलंडच्या स्वतःच्या विमानाला लांबचा फेरा पडतो.