"आई, तू बस गं!": म्हातारपण, मसल्स आणि दहा फरश्यांची टेस्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे म्हातारपण. थांबा, स्किप करू नका. तुम्ही पंचविशीत असाल, पण घरी आई-बाबा पन्नाशी-साठीत असतील, आजी-आजोबा त्याच्याही पुढे. आणि त्यांना आपण दिवसातून चार वेळा सांगत असतो: "आई, तू बस गं, मी आणतो." "बाबा, जिने कशाला चढताय, लिफ्ट आहे ना." सगळं प्रेमापोटी. पण म्हातारपणावर युनिव्हर्सिट्यांमध्ये गेली साठ वर्षं जे संशोधन चाललंय, ते बघितलं तर हा सल्ला फार महागात पडणारा आहे. कसा, ते आज बघू.

तीन आठवडे विरुद्ध तीस वर्षं

सुरुवात 1966 पासून. अमेरिकेत डॅलस शहरातल्या टेक्सास युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलमध्ये पाच तरुणांवर एक प्रयोग झाला. वय 20 च्या आसपास, सगळे धडधाकट. त्यांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं, बस्स. आधी आणि नंतर एक गोष्ट मोजली: पूर्ण दमेपर्यंत व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं. हा आकडा म्हणजे गाडीच्या इंजिनाची सीसी समजा. तीन आठवड्यांत तो धाडकन खाली आला.

आता खरी गंमत. तीस वर्षांनी, 1996 मध्ये, त्याच पाच जणांना परत बोलावलं. वय 50, वजन वाढलेलं, पोट सुटलेलं. पुन्हा तीच टेस्ट. आणि पाचांपैकी एकाचाही आकडा विशीतल्या त्या तीन आठवड्यांनंतरच्या आकड्याइतका खाली गेला नव्हता! म्हणजे तीस वर्षांच्या वयानं जेवढं नुकसान केलं, त्यापेक्षा जास्त तीन आठवडे पडून राहण्यानं केलं होतं. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, जॉगिंग, सायकलिंग करायला लावलं. तीस वर्षांत ऑक्सिजन वापरायची जी क्षमता गेली होती, ती सगळी परत आली.

आता पाच माणसं म्हणजे फारच छोटं सॅम्पल, तेही सगळे पुरुष. पण एक प्रश्न यातून उभा राहिला: आपण ज्याला "वय झालं" म्हणतो, त्यातलं खरं वय किती आणि नुसतं बसून राहणं किती?

नव्वदीत वजनं उचलली तर?

पुढचा थांबा बॉस्टन, वर्ष 1990. टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या संशोधक मारिया फियाटारोन यांनी वृद्धांच्या नर्सिंग होममधली दहा माणसं निवडली. वय किती? 86 ते 96! त्यांच्याकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. हलकंफुलकं नाही, प्रत्येकाला झेपेल त्यातलं जड वजन, देखरेखीखाली. नऊ जणांनी तो पूर्ण केला. पायाची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. म्हणजे आधी 10 किलो उचलणारा माणूस आता 27 किलोच्या पुढे.

माझ्यातल्या इंजिनिअरला इथे एक गोष्ट जाम आवडली. ताकद 174 टक्के वाढली, पण मांडीच्या मसल्सचा आकार वाढला फक्त 9 टक्के. मग बाकीची ताकद आली कुठून? मसल हे हार्डवेअर आहे, पण त्याला "आता जोर लाव" असा सिग्नल देणारी यंत्रणा म्हणजे मेंदू आणि नसा. वापर नसला की ही यंत्रणा एकावेळी कमी तंतू कामाला लावते. व्यायाम सुरू झाला की ती पुन्हा जास्त तंतूंना कामाला लावायला शिकते. हार्डवेअर जवळपास तेच, ड्रायव्हर अपडेट झाला!

याच टीमनं 1994 मध्ये 100 जणांवर मोठा प्रयोग केला. चार गट: काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्हीही नाही. व्यायामवाल्यांची ताकद आणि चालण्याचा वेग वाढला. नुसतं पेय पिणाऱ्यांचा अशक्तपणा काही कमी झाला नाही. टीव्हीवर आजोबांना डबा हातात देऊन धावायला लावणाऱ्या जाहिराती बघताना एवढं लक्षात ठेवा. जेवणात प्रथिनं हवीतच, पण डबा व्यायामाची जागा घेत नाही.

वयासोबत मसल्स आणि ताकद कमी होण्याला डॉक्टर "सार्कोपेनिया" म्हणतात. हा शब्द टफ्ट्सच्याच आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये सुचवला. ग्रीक भाषेत "सार्क्स" म्हणजे मांस आणि "पेनिया" म्हणजे कमतरता.

मोजायचं कसं? फरश्या मोजा

मोजल्याशिवाय सुधारता येत नाही, हे आपल्या फील्डमधलं पहिलं तत्त्व. यासाठी एमआरआय वगैरे काही लागत नाही. मुंबईत देवनारला इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस आहे. त्यांनी हार्वर्ड आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया यांच्यासोबत "लासी" नावाचा सर्व्हे केला. पहिली फेरी 2017-18 मध्ये झाली. देशभरातल्या 45 वर्षांवरच्या लोकांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या, मिळून 72 हजारांहून जास्त जणांच्या घरी जाऊन माहिती घेतली. फक्त प्रश्न नाही विचारले, हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेगही मोजला.

चालण्याचा वेगच का? कारण चालताना हृदय, फुप्फुसं, मसल्स, सांधे, डोळे, मेंदू सगळे एकदम कामाला लागतात. एकाचंही बिनसलं की वेग पडतो. पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीच्या स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये नऊ अभ्यासांतली 65 वर्षांवरची सुमारे 34,500 माणसं एकत्र करून पाहिली. चालण्याचा वेग जास्त, त्यांचं आयुष्य जास्त, असं स्पष्ट दिसलं.

घरी करायची टेस्ट सांगतो. हॉलमध्ये दोन फुटांच्या फरश्या असतील तर एक फरशी साधारण 60 सेंटिमीटर. दहा फरश्या म्हणजे 6 मीटर. आई-बाबांना दोन फरश्या आधीपासून नेहमीच्या चालीनं चालायला सांगा आणि मधल्या दहा फरश्यांचा वेळ मोबाईलवर लावा. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं 2019 मध्ये ठरवलेल्या निकषानुसार वेग सेकंदाला 1 मीटरपेक्षा कमी, म्हणजे 6 सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर लक्ष द्यायला हवं. दुसरी टेस्ट: भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीशी घडी करून पाच वेळा उठा-बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर तोच इशारा. हे निदान नाही बरं का, डॉक्टरांकडे जायचं निमित्त आहे. आणि टेस्ट करताना शेजारी उभे राहा.

मग नवं तंत्रज्ञान कशासाठी?

क्लिनिकमध्ये डॉक्टरांसमोर बाबा ताठ चालतात. रोजची चाल वेगळीच असते. म्हणून एमआयटीच्या दीना कताबी यांच्या टीमनं 2017 मध्ये भिंतीवर लावायचं एक यंत्र दाखवलं. ते वायफायसारख्या रेडिओ लहरी सोडतं, त्या माणसाच्या अंगावरून परत येतात आणि त्यावरून चालण्याचा वेग कळतो. अंगावर काही घालायला नको, कॅमेरा नको. महिनोन्‌महिने नोंद होत राहते, आणि एका आकड्यापेक्षा घसरता ट्रेंड लवकर सावध करतो.

तुमच्या खिशातल्या फोनमध्येही ॲक्सेलरोमीटर आहे. प्रत्येक पावलाला टाच टेकली की त्याला हिसका कळतो, त्यावरून पावलांची लय काढता येते. आयफोन तर 2020 पासून चालण्याचा वेगही नोंदवतो. अडचण एकच: फोन खिशात हवा. आपल्या आयांचा फोन दिवसभर फ्रिजवर चार्जिंगला असतो, मग ॲप म्हणतं, आज एकूण 212 पावलं!

आणि "तुमचं खरं जैविक वय सांगतो" म्हणणाऱ्या महागड्या टेस्ट? त्यामागचं विज्ञान खरं आहे. स्टीव्ह होर्व्हाथ यांनी 2013 मध्ये, यूसीएलएमध्ये असताना, डीएनएवरच्या 353 जागांचे रासायनिक ठसे वाचून वय ओळखणारं "घड्याळ" बनवलं. संशोधनासाठी ते भारी आहे. पण घड्याळाचा काटा मागे गेला म्हणजे आई जिना चढू लागली असं होत नाही. डॅशबोर्ड हिरवा झाला म्हणून सर्व्हर सुधारत नाही, तसंच.

नुसता संबंध की खरंच उपाय?

वेग कमी असणं हा धूर आहे. आग विझवली तर फरक पडतो का? फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचे मार्को पाहोर यांच्या नेतृत्वाखाली आठ केंद्रांवर 70 ते 89 वयाच्या 1,635 जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला चालणं, ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम. दुसऱ्याला आरोग्याची व्याख्यानं. 2014 मध्ये निकाल आला. सरासरी 2.6 वर्षांत 400 मीटर चालण्याची क्षमता गमावणारे व्याख्यानवाल्या गटात 35.5 टक्के, व्यायामवाल्या गटात 30.1 टक्के. जादू नाही, फरक मोजका आहे, पण खरा आहे. 400 मीटर म्हणजे घरापासून भाजीवाल्यापर्यंत. ते अंतर गेलं की माणूस दुसऱ्यावर अवलंबून राहतो.

तर या रविवारी दहा फरश्यांची टेस्ट करा. हृदयविकार असेल, ऑपरेशन झालं असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. नाहीतर खुर्चीवरून उठाबशा, जिने, संध्याकाळचा फेरफटका, हळूहळू वाढवत. आणि दुखत असेल तर "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका, कारण शोधा. "आई, तू बस गं" ऐवजी "आई, चल, भाजी आणायला दोघं जाऊ" एवढं म्हणून बघा. पिशवी तुम्ही धरा, चालू तिला द्या.

आई-बाबांचे सेकंद कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, आणि जमलं तर चालता चालता ऐका!