लोणीफळ आपल्या परसात : पालघरच्या पावसात ॲव्होकॅडो कसा जगवावा?

मुंबईहून येणारा पाहुणा हल्ली कधीकधी पिशवीतून नासपतीसारखे एक हिरवे फळ आणतो. ॲव्होकॅडो त्याचे नाव. कुणी त्याला बटर फ्रूट म्हणते, कुणी लोणीफळ. एका फळाची किंमत ऐकून घरातली माणसे थक्क होतात आणि मुले आतली मोठी बी कुंडीत पुरतात. काही आठवड्यांत कोंब येतो, रुंद तजेलदार पाने फुटतात आणि घरात विचार सुरू होतो. हे झाड आपल्या पालघर-बोईसरच्या हवेत धरेल का? आणि धरलेच तर फळ देईल का?

झाड धरेल, फळही देईल. पण कुठेही आणि कसेही लावून नाही. आपल्या देशात हे फळ मुख्यतः तमिळनाडूतील पळणी डोंगराच्या उतारांवर, केरळात वायनाडला, कर्नाटकात कोडगूला आणि तिकडे सिक्कीममध्ये होते. हे सारे डोंगराळ, थंडावा असलेले मुलूख. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, पुढे आठ महिने जवळजवळ कोरडे, आणि एप्रिल-मेचा उकाडा वेगळाच. म्हणून कामाला लागण्यापूर्वी या झाडाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

चिकूही परकाच होता

डहाणू-घोलवडचा चिकू आज आपल्या जिल्ह्याची ओळख आहे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण चिकूचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका, ॲव्होकॅडोचेही तेच. मग चिकू इथला कसा झाला? आपल्या बागाइतदारांना ते ठाऊक आहे. कालीपत्तीचे कलम बांधले जाते ते रायणीच्या खुंटावर. रायण म्हणजे खिरणी, आपल्याच मातीतले चिवट झाड. फांदी परदेशी, मूळ देशी. म्हणून झाड दोन-तीन पिढ्या उभे राहते.

ॲव्होकॅडोचेही तसेच आहे. वर कोणती जात आहे याइतकेच खाली मूळ कोणते आहे हे महत्त्वाचे. मात्र हे झाड चिकूइतके सोशिक नाही, हे आधीच ध्यानात ठेवावे.

जात निवडताना

या फळाचे तीन वंश मानतात : मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. पहिले दोन थंड, उंच मुलखातले. तिसरा सखल, उष्ण आणि दमट प्रदेशातला, खारटपणाही इतरांपेक्षा जास्त सोसणारा. आपल्या किनाऱ्याला जवळचा तोच. त्याची फळे मोठी, साल पातळ आणि तेलाचा अंश कमी. पोलॉक आणि सिमंड्स या त्यातल्या नावाजलेल्या जाती.

शहरातल्या दुकानात मिळणारे खडबडीत सालीचे फळ बहुधा ‘हास’ जातीचे असते. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने १९२६ साली लावलेल्या एका रोपापासून ही जात जगभर पसरली. पण ती ग्वाटेमालन-मेक्सिकन वळणाची. आपल्या सखल, दमट हवेत तिच्यावर भरवसा ठेवू नये. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कोडगूतील चेट्टळ्ळी केंद्राने ‘अर्का सुप्रीम’सारखी जात निवडून दिली आहे. तीही डोंगरात निवडलेली आहे, म्हणून आपल्याकडे आधी एखादेच झाड लावून पाहावे.

मुलांनी कुंडीत लावलेल्या रोपाचे काय? ते जरूर वाढवावे, पण फळाच्या आशेने नव्हे. बियांच्या झाडाला फळ यायला सहा-सात वर्षे, कधी त्याहूनही जास्त लागतात, आणि फळ आईसारखे येईलच असे नाही. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी बहर येतो. ज्या घरात पाचर कलम बांधणारा हात आहे त्यांनी मात्र वेस्ट इंडियन वंशाची ताजी बी लावून खुंट तयार करावा. ही बी वाळली की मरते, तेव्हा आठवडाभरात मातीत गेलीच पाहिजे.

रोपवाटिकेत गेल्यावर दोन प्रश्न विचारावेत : जात कोणती आणि खुंट कशाचा? उत्तर मिळाले नाही तर कलम घेऊ नये. दारावर टेम्पोतून येणाऱ्या विक्रेत्याकडून तर नकोच.

खरा शत्रू साचलेले पाणी

या झाडाची अन्न घेणारी मुळे वरच्या फूटभर मातीतच पसरतात. त्यांना ओलावा हवा आणि हवाही हवी. पाणी तुंबले की मुळांवर फायटोप्थोरा नावाची बुरशी चढते. सुपारीवर कोळेरोग आणणारी बुरशी याच जातकुळीतली. मुळे काळी पडून कुजतात. पाने लहान, फिकट होतात आणि माती ओली असूनही मान टाकतात. माणसाला वाटते झाड तहानले आहे, म्हणून तो आणखी पाणी घालतो आणि उरलेले झाडही जाते.

म्हणून जागेची परीक्षा आधी करावी. भर पावसाळ्यात दोन फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसले तर ती जागा सोडावी. भाताच्या खाचराचा बांध, पागोळीखालची जागा आणि न्हाणीच्या सांडपाण्याची वाट या तीन ठिकाणी हे झाड कधीच लावू नये. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू पोसतात, ॲव्होकॅडो मरतो.

घरामागची मुरमाड, उताराची वरकस जमीन उत्तम. सपाट जागा असेल तर खड्डा करण्याऐवजी उंचवटा करावा. चांगली माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून दीड-दोन फूट उंच, सहा-सात फूट रुंद ढीग घालावा आणि कलम त्याच्या माथ्यावर लावावे. वरच्या अंगाला चर काढून पाणी वळवावे. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे.

पावसाळ्यापूर्वी बुंध्याला बोर्डो मलम लावावे. फवारणीसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण करायचे तर १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून एकूण १० लिटर पाण्यात एकत्र करावे. त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना थोडा वाढवावा. मात्र निचरा नसेल तर कोणतेही औषध वाया जाते.

उन्हाळा, वारा आणि खारे पाणी

पहिले दोन उन्हाळे रोपावर झावळ्यांचा मांडव हवा. बुंध्याला पातळ चुना फासला तर साल भाजत नाही. भाताचा पेंढा किंवा सुका पाला यांचे चार-सहा बोटे जाड आच्छादन घालावे, पण बुंध्यापासून वीतभर दूर. खाली कुदळ चालवू नये, उथळ मुळे तुटतात. पाणी थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे.

फांद्या ठिसूळ असतात. केळवे, सातपाटी, चिंचणी, तारापूर या किनाऱ्यालगतच्या गावांत पश्चिमेला सुरू किंवा गिरिपुष्पाचा आडोसा असावा. पानांची टोके करपू लागली तर पाण्यातल्या क्षाराचा संशय घ्यावा. बोअरचे पाणी चवीला मचूळ असेल किंवा विहीर बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीजवळ असेल, तर झाड लावण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. म्युरेट ऑफ पोटॅश टाळावे, कारण त्यातला क्लोराईड या झाडाला सोसत नाही. पालाश द्यायचेच तर सल्फेटच्या रूपात द्यावे.

फूल दोनदा उमलते

थंडीत या झाडाला बारीक हिरवट फुलांचे घोस लागतात. प्रत्येक फूल दोनदा उमलते. एकदा मादी म्हणून, दुसऱ्यांदा नर म्हणून. काही जातींत सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर; काहींत दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. सिमंड्स पहिल्या गटातली, पोलॉक दुसऱ्या. म्हणून दोन गटांची एकेक झाडे जवळ असली की फळ चांगले धरते. एक आपल्या परसात आणि एक शेजाऱ्याकडे असले तरी चालेल. बहरात कीटकनाशक फवारू नये, कारण परागीकरणाचे काम मधमाश्यांचे आहे. हजारो फुलांतून मोजकीच फळे राहतात; गळ पाहून घाबरू नये.

काढणी आणि स्वयंपाकघर

हे फळ झाडावर पिकत नाही. काढल्यावर घरात मऊ होते. पुरे वाढलेले एक फळ काढून ठेवावे. आठ-दहा दिवसांत ते न सुरकुतता मऊ झाले तर बाकीची तयार समजावीत. गर कुसकरून त्यात कांदा, मिरची, मीठ आणि लिंबू घातले की तांदळाच्या भाकरीबरोबर छान लागतो. गूळ-दूध घालून शिकरणासारखाही होतो. लिंबामुळे गर काळा पडत नाही. आचेवर शिजवू नये, कडवटपणा येतो.

शेळ्यांना पाला घालू नका

ही सूचना घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावी. या झाडाची पाने, साल आणि बी यांत पर्सिन नावाचे द्रव्य असते. शेळ्या, गाई-म्हशी, घोडे आणि कोंबड्या यांना ते बाधते. दुभत्या जनावराची कास सुजते, दूध आटते, हृदयावरही परिणाम होतो. छाटलेला पाला गोठ्यात जाऊ देऊ नये आणि झाडाला काटेरी कुंपण घालावे.

किती झाडे लावावीत?

दोन. घरच्या खाण्याला ती पुरतील आणि पाच वर्षांत आपल्या मातीचे उत्तरही कळेल. बाजारातला भाव ऐकून चिकूची उभी बाग तोडण्याचा किंवा कर्ज काढून एकरभर लागवड करण्याचा विचार आज करू नये. मोठ्या लागवडीचा विचार पुढे मनात आलाच तर आधी कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन माती-पाण्याविषयी बोलून यावे. तूर्त येत्या पावसात घरामागे तो दोन फुटांचा खड्डा खणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात किती पाणी उरले ते पाहा.