मेड्युलोब्लास्टोमा

मुख्यत्वे बालकांच्या निमस्तिष्कात (लहान मेंदूत) उद्‌भवणारे मारक अर्बुद (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे बनलेली गाठ). सकाळच्या वेळी होणारी डोकेदुखी, वांत्या व चालताना तोल जाणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. मस्तिष्क-मेरुद्रवावाटे ते मेरुरज्जूपर्यंत पसरू शकते. १९२५ मध्ये पर्सिव्हल बेली व हार्वी कुशिंग या अमेरिकी वैद्यांनी त्याचे वर्णन केले.

सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळशी सारखी दिसणारी ही अर्बुदे रेण्वीय दृष्ट्या भिन्न असतात. २०१२ मध्ये तज्ञांच्या सहमतीने त्यांचे चार गट मानण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात रेण्वीय लक्षणांना निदानात स्थान मिळाले.

पहिल्या, विंट गटात बहुधा सीटीएनएनबी१ या जीनामध्ये उत्परिवर्तन झालेले असते. त्यामुळे बीटा-कॅटेनीन या प्रथिनाचे विघटन होत नाही. ते कोशिकेच्या केंद्रकात साचते आणि वाढीस चालना देणारे जीन कार्यान्वित करते. या गटातील बालकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक बालके प्रचलित उपचारांनी पाच वर्षांहून जास्त जगतात. दुसऱ्या, सॉनिक हेजहॉग गटात पीटीसीएच१ या जीनातील दोष वारंवार आढळतो. या जीनापासून बनणारे प्रथिन एरवी स्मूदन्ड या प्रथिनास रोखून धरते. हा अटकाव नाहीसा झाल्यावर निमस्तिष्कातील अपक्व कोशिकांचे विभाजन चालूच राहते. काही बालकांत असा दोष आनुवंशिक असल्याने कुटुंबाचीही तपासणी करावी लागते. तिसऱ्या गटात एमवायसी जीनाच्या प्रती वाढलेल्या असल्यास रोग विशेष घातक ठरतो. चौथ्या गटात सतराव्या गुणसूत्राच्या रचनेतील बिघाड सामान्यपणे आढळतो.

शस्त्रक्रिया, मस्तिष्क व मेरुरज्जूवरील किरणोपचार आणि रासायनी चिकित्सा हे प्रमुख उपचार होत. किरणांमुळे वाढत्या मेंदूची हानी होऊन बुद्धी, उंची व हॉर्मोनांचे स्रवण यांवर परिणाम होतो. म्हणून तीन वर्षांखालील बालकांत ते शक्यतो टाळतात वा लांबणीवर टाकतात.

व्हिस्मोडेगिब हे औषध स्मूदन्ड प्रथिनास रोखते. बिघाड या प्रथिनाच्या पुढील टप्प्यावर, उदा., एसयूएफयू जीनात, असल्यास मात्र ते निष्प्रभ ठरते. शिवाय त्यामुळे बालकांच्या हाडांची वाढ अकाली थांबू शकते; यास्तव ज्यांच्या अस्थींची वाढ पूर्ण झाली आहे, अशा रुग्णांतच त्याचा विचार होतो.

विंट गटात उपचारांची तीव्रता कमी करता येईल काय, याचा शोध चालू आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये अशा काही रुग्णांत मस्तिष्क व मेरुरज्जू यांच्या संपूर्ण भागावरील किरणोपचार वगळून केवळ अर्बुदाच्या जागी किरण देण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांत मेंदू-मेरुरज्जूच्या अन्य भागांत रोग उलटण्याचे प्रमाण अस्वीकार्य ठरले. उत्तम पूर्वानुमान असलेल्या गटातही उपचारांतील कपात पायरीपायरीनेच करावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.