रिपोर्ट निर्दोष, तरी पाय जळतात

आमचे घर पिंपळवंडीचे. पुणे-नाशिक रस्त्याच्या पट्ट्यातील, कुकडीच्या पाण्यावर पोसलेले हे गाव. घराच्या पुढील अंगास किराणा मालाचे दुकान, मागील अंगास ओटा आणि ओट्यापलीकडे ऊस. उसामुळे बिबट्याचा वावर नित्याचा. म्हणून दिवेलागणीनंतर मागील दार लावून घ्यायचे, हा घराचा जुना नियम आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या पुतणीने तो मोडला. रात्री दोनच्या सुमारास कडी वाजल्याने मी जागी झाले. पाहते तो ती अनवाणी, शाल न पांघरता, ओट्यावरील शहाबादी फरशीवर येरझारा घालीत होती. मी रागावले. ती शांतपणे म्हणाली, "काकू, गार फरशीवर पाय टेकले की जरा बरे वाटते. अंथरुणात चादरीचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही."

ती १९ वर्षांची आहे. ११ व्या वर्षापासून तिला टाइप १ मधुमेह आहे. हा मधुमेह गोड खाण्याने होत नाही, की कोणाच्या हेळसांडीनेही होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते आणि त्या दिवसापासून बाहेरून दिलेल्या इन्सुलिनवाचून जगणे अशक्य होते. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो शहरी एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी या आजाराची मुले फार काळ जगत नसत.

हे सारे आम्हांला ठाऊक होते; पण गावाला ठाऊक नव्हते. का, ते वाचकांना वेगळे सांगायला नको. मुलीची जात, पुढे स्थळे यायची. म्हणून इन्सुलिनच्या बाटल्या शीतकपाटात भाजीच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्या जात आणि वीज फार वेळ गेली की माजघरातील ओल्या मडक्यात. टोचणे मागच्या खोलीत, दार लोटून. शाळेत मैत्रिणींना दिसू नये म्हणून दुपारची मात्रा कित्येकदा टळे. तिच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सी या तपासणीचा, आकडा वर्षानुवर्षे १२ च्या आसपास राहिला. तिने कधी तक्रार केली नाही आणि आम्ही तेच तिचे समंजसपण मानले.

बारावीनंतर ती पुण्यास वसतिगृहात गेली. तेथे तिला चांगले डॉक्टर भेटले, खोलीतल्या मुलींपासून काही लपविण्याची गरज उरली नाही आणि ती दिवसातून चार वेळा नियमाने इन्सुलिन घेऊ लागली. तीन महिन्यांत १२.४ चा आकडा ७.६ वर आला. घरात एवढा आनंद झाला की पेढे वाटायचेच काय ते राहिले! आणि त्याच सुमारास तिच्या तळपायांत आग सुरू झाली. प्रथम सुया टोचल्यासारखे, मग विस्तवावर पाय ठेवल्यासारखे. दिवसा अभ्यासात विसर पडे. रात्री विसरण्यास काही उरत नसे.

तपासण्या झाल्या. नसांमधून विजेचा संदेश किती वेगाने जातो हे पाहणारी नर्व्ह कंडक्शन नावाची तपासणीही झाली. सारे नॉर्मल. एका वैद्यकांनी अभ्यासाचा ताण सांगितला. दुसऱ्यांनी, मुलीसमोरच, हे मनाचे आहे असे सुचविले. त्या दिवसानंतर ती घरात दुखण्याविषयी बोलेनाशी झाली. दीर मात्र हिशेबी माणूस. ते म्हणाले, "साखर वाढलेली होती तेव्हा हिचे काही दुखत नव्हते. इंजेक्शने वाढवली आणि हे सुरू झाले. मग कमी करा." त्यांचे निरीक्षण अचूक होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष तिच्या जिवावर बेतला असता. तिने कोणास न सांगता दोन दिवस रात्रीचे इन्सुलिन टाळले, दिवसाचेही कमी केले. तिसऱ्या पहाटे उलट्या, पोटात कळा, खोल आणि भराभर चालणारा श्वास. रक्तात आम्ल साचले होते. नारायणगावला आणि तेथून पुण्याला नेईपर्यंत आमच्यापैकी कोणी एक शब्द बोलले नाही.

ती सावरल्यावर एका ज्येष्ठ डॉक्टरांनी नवी तपासणी न सांगता जुने सारे कागद मागितले. एचबीए१सीचे आकडे तारखेप्रमाणे एका खाली एक लिहिले आणि शेवटच्या दोहोंच्या मध्ये बोट ठेवले. वेदनेचे मूळ तेथे होते. बरीच वर्षे साखर फार वाढलेली राहून ती एकाएकी वेगाने खाली आली, तर काही रुग्णांत सूक्ष्म नसांना तीव्र वेदना सुरू होते. १९३३ साली याचे पहिले वर्णन झाले. इन्सुलिन घेतल्यावर दिसले म्हणून त्याला त्या काळी 'इन्सुलिन न्यूरायटिस' म्हटले गेले. पुढे गोळ्यांनी साखर झपाट्याने उतरली तरी हेच घडते असे दिसल्याने ते नाव मागे पडले. दोष इन्सुलिनचा नव्हे, उताराच्या वेगाचा आहे. बॉस्टन येथील डॉक्टरांनी २०१५ साली मधुमेही नसविकाराच्या ९५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील १०४ जणांत, म्हणजे शंभरांत सुमारे अकरा जणांत, हा प्रकार आढळला. तीन महिन्यांत हा आकडा दोन अंकांहून अधिक उतरला की धोका वाढतो आणि उतार जितका मोठा तितका धोकाही मोठा. आमच्या मुलीचा आकडा जवळजवळ पाच अंकांनी उतरला होता.

मग तपासणी नॉर्मल कशी? याचे उत्तर ऐकून मला मनोमन लाज वाटली. विजेची ती तपासणी जाड नसांची असते; हालचाल, कंपन, स्पर्श यांच्या नसांची. आग, थंडी आणि वेदना वाहून नेणारे तंतू अतिशय बारीक असतात आणि त्या यंत्राला ते दिसतच नाहीत. तेव्हा रिपोर्ट खोटा नव्हता आणि मुलगीही खोटी नव्हती. दीर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मुलगी मात्र रडली नाही. तिने विचारले, "हे जाईल का?" डॉक्टर म्हणाले, बहुतेकांत हळूहळू उतरते, पण आठवडे नव्हे, महिने लागतात, वर्ष-दीड वर्षही लागू शकते. साखर पुन्हा वाढू द्यायची नाही, पुढचा उतार मात्र पायरीपायरीने. डोळ्यांचा पडदाही लगेच तपासून घ्यावयास सांगितले. कारण अशा वेगवान उतारात तोही बिघडू शकतो.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट निघाली आणि ती आपल्या समाजातील प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. तिचे ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते. नसांवरील आवरण टिकण्यास ब-१२ लागते. ते कमी पडले तर मुंग्या येतात, पाय बधिर होतात, तोल जातो. म्हणजे एका दुखण्यावर दुसरे चढते. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. कोणत्याही भाजीत, डाळीत, फळात ते नसते. शाकाहाऱ्यास त्याचा मुख्य आधार दूध, दही, ताक. दिवसाची गरज साधारण २ मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा लिटरच्या आसपास दूध. ते रोज कोण घेतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते. खेड्यांत आणि झोपडवस्तीत होतेच. पण सर्वांत जास्त, ८१ टक्के, शहरी मध्यमवर्गात होते. शाकाहाऱ्यांत ही कमतरता असण्याचा धोका चौपटीहून अधिक निघाला.

येथे कोणी शाकाहारावर बोट ठेवील, तर त्याचे कारण नाही. उणीव भरून काढण्यास गोळी पुरते आणि तीही जिवाणूंच्या साहाय्याने तयार होते. पण गोळी घ्यावी लागते आणि त्याआधी रक्त तपासावे लागते, हे मान्य करण्यात आपला अभिमान आडवा येतो. टाइप १ मधुमेहींना आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. ज्या प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडावर हल्ला केला, तीच काहींच्या जठरावरही करते आणि मग खाल्लेले ब-१२ अंगी लागत नाही. अशांना ते सुईवाटे द्यावे लागते. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खात राहू नये, हेही डॉक्टरांनी बजावले. त्याने रक्त सुधारलेले दिसते आणि नसांची हानी आत चालू राहते.

हे ऐकत असता माझ्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझ्याही पायांना मुंग्या येतात, पण वय झाले म्हणून बोलले नाही." त्यांना टाइप २ मधुमेह आहे आणि बारा वर्षे त्या मेटफॉर्मिन घेतात. हे औषध उत्तम आहे, परंतु दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ घटविते. त्यांचे रक्त तपासले तेव्हा आकडा नातीपेक्षाही खाली होता. एका ओट्यावर दोघी बसत आल्या होत्या, एक वयाच्या नावाखाली गप्प, दुसरी स्थळांच्या.

डोरोथी हॉजकिन या इंग्रज विदुषीने क्ष-किरणांच्या साहाय्याने ब-१२ ची रचना १९५६ साली उलगडली. १९६४ साली तिला नोबेल मिळाले. आणि १९६९ मध्ये तिनेच इन्सुलिनचीही रचना उलगडून दाखविली. आमच्या घराला लागणाऱ्या दोन्ही वस्तू एकाच स्त्रीने पाहिल्या, हे पुतणीने मला सांगितले. आता ती रसायनशास्त्राचा अभ्यास त्याच ओढीने करते.

औषधांविषयी थोडे. नसांच्या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधे अल्प मात्रेने सुरू करून वाढवितात. तिला पहिले औषध कॅप्सूलच्या रूपात मिळाले, तेव्हा सासूबाईंनी विचारले, "वरचे आवरण कशाचे?" बरेचदा ते जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. औषधविक्रेत्याला विचारल्यावर तेच औषध गोळीच्या रूपात मिळाले. विचारण्यात संकोच कशाला? इन्सुलिनविषयीही ज्येष्ठांच्या मनात जुनी शंका असते. एके काळी ते गायीच्या व डुकराच्या स्वादुपिंडातून काढीत, हे खरे. १९८२ पासून मानवी इन्सुलिन जिवाणूंकरवी तयार करून मिळू लागले आणि आज सर्वत्र तशाच पद्धतीचे वापरले जाते.

रात्रीचा प्रश्न औषधाने अर्धाच सुटला. उरलेला अर्धा घरातल्या वस्तूंनी. दुकानातील एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका दोन बाजूंनी कापून तिच्या पायांवर पालथा ठेवला, त्यावरून चादर. कापड पायाला लागेना. बर्फ आणि गरम पाण्याची पिशवी दोन्ही वर्ज्य. नसांना नीट कळत नसल्याने कातडी भाजते आणि समजतही नाही. सासूबाई पहाटे चारला सामायिकासाठी उठतात. झोप उडाली की नात त्यांच्याजवळ जाऊन बसू लागली, पाय पसरून. ४८ मिनिटे दुखणे थांबत नाही, पण ती म्हणते की एकटीने सोसण्यापेक्षा ते निराळे असते.

पर्युषणात प्रश्न आला. तिची अठ्ठाई करण्याची फार इच्छा होती. डॉक्टरांचा स्पष्ट नकार. निराहारात इन्सुलिन बंद करता येत नाही आणि चालू ठेवले तर साखर घसरते. तिला वाईट वाटले. सासूबाईंनी तिला पच्चक्खाणाच्या पाठातील आगार समजावून सांगितले. व्रत घेतानाच चित्ताची समाधी राखण्यासाठी, व्याधीच्या प्रसंगी औषध घेण्याची मोकळीक त्यात ठेवलेली आहे. तिने ऊणोदरी आणि मौन स्वीकारले. चउविहार पाळतानाही उशाशी साखरेची पुडी असते. रात्री हात थरथरले, घाम फुटला तर ती तोंडात टाकायची, मुहूर्त पाहत बसायचे नाही. मंदिरात जाताना भर दुपारची तापलेली फरशी टाळून ती सकाळी जाते आणि परतल्यावर तळपाय आरशात पाहते.

एचबीए१सी आता सात महिने ८ च्या आतबाहेर आहे. ब-१२ भरून आले. आग रोजची होती, ती आठवड्यातून दोन-तीन रात्रींवर आली आहे. पूर्ण गेलेली नाही. मध्यंतरी एक स्थळ चौकशीस आले. दिरांनी पहिल्याच बोलण्यात मधुमेहाचे सांगितले. ते लोक पुन्हा आले नाहीत. पुतणी म्हणाली, "बरे झाले, मला आधी एम.एस्सी. करायचे आहे."

सुट्टीत ती दुकानात बसते. जेवणाची वेळ झाली की गल्ल्याशेजारीच पेन काढून दंडाला टोचते. गेल्या आठवड्यात गावातील एक बाई साखर घेण्यास आली होती, ती हे पाहत उभी राहिली. गिऱ्हाईक पांगल्यावर हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या पोरालाही हेच आहे. नववीत आहे. आम्ही कोणाला सांगितले नाही." पुतणीने तिला आत बोलावले आणि स्टूल पुढे सरकवले.