मनी प्लांट पिवळा पडतोय? थांबा, लगेच पाणी घालू नका!

मनी प्लांट चोरून आणला की घरात पैसा येतो, असं तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. शेजारच्यांच्या कुंडीतली एक फांदी गुपचूप खुडून आणलेलीही असेल! पैसा आला की नाही ते तुम्हालाच ठाऊक, पण ती फांदी बहुतेक जगली असणार. कारण या वेलीच्या प्रत्येक पेरातून मुळं फुटू शकतात. मात्र फांदीला निदान एक पेर हवंच. नुसतं पान पाण्यात ठेवून नवी वेल होत नाही.

मग इतक्या चिवट वेलीची पानं घरात आल्यावर पिवळी का पडतात?

ही मूळची कुठली?

पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरची. तिथल्या उष्ण, दमट जंगलात ती मोठ्या झाडांच्या खोडांना धरून वर चढते. अशी चढली की पानं हातभर मोठी होतात आणि फाटल्यासारखी दिसतात. आपल्या घरात ती खाली लोंबकळते, म्हणून पानं लहानच राहतात. मोठी पानं हवी असतील तर कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोवा आणि वेल तिच्यावर चढवा.

पाणी किती घालायचं?

घरातले मनी प्लांट तहानेने कमी आणि जास्त पाण्याने जास्त मरतात. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिकचिकीत राहिली की हवा मिळत नाही आणि मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वेल कोमेजते. आपल्याला वाटतं तिला तहान लागलीये, आणि आपण आणखी पाणी घालतो!

त्यामुळे वार ठरवून पाणी घालू नका. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. कोरडं लागलं तरच पाणी घाला. एप्रिल-मेमध्ये माती लवकर सुकेल, पावसाळ्यात कितीतरी दिवस ओलीच राहील. कुंडीला खाली भोक हवं आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायला हवं. बुडाजवळचं एखादं जुनं पान पिवळं पडलं तर घाबरू नका, ते नैसर्गिक आहे. एकदम चार-पाच पानं पिवळी पडली तर मात्र आधी मुळं तपासा.

उजेड कसा हवा?

खिडकीजवळचा भरपूर उजेड हवा, पण दुपारचं कडक ऊन नको. उन्हाने पानं करपतात. पानांवरच्या पिवळ्या-पांढऱ्या भागात हरितद्रव्य कमी असतं. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या वेलीची नवी पानं म्हणूनच जास्त हिरवी येऊ लागतात. नक्षी पुसट झाली की कुंडी उजेडाकडे सरकवा.

बाटलीत लावलाय? मग हे वाचाच

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदला. नुसतं बदलून भागत नाही, बाटली आतून घासायलाही हवी, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. कुंडीखालच्या ताटलीलाही हाच नियम.

घरात लहान मूल किंवा मांजर आहे?

मनी प्लांट अळूच्या कुळातला आहे. कच्चं अळू घशाला खाजतं ना? त्याला कारण असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक याच्या पानांतही असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, सूज येऊ शकते. त्यामुळे कुंडी उंचावर टांगा आणि खाली आलेली टोकं छाटत राहा.

आणि हवा शुद्ध होते का?

1989 मध्ये नासाने बंद पेटीत काही झाडांवर प्रयोग केले होते. तिथून ही गोष्ट पसरली. पण आपलं घर म्हणजे बंद पेटी नव्हे. दोन-चार कुंड्यांनी खोलीतल्या हवेत जाणवेल असा फरक पडत नाही. त्यासाठी खिडकी उघडलेली बरी!

तेव्हा आज पाण्याचा तांब्या उचलण्याआधी मातीत एकदा बोट घालून बघा. आणि पुढच्या वेळी फांदी चोरू नका, मागून घ्या. तितकीच छान वाढते!