उंचावरून पडलेल्या कुत्र्याची आंतरिक दुखापत कशी ओळखावी

मुंबई उपनगरातील कांदिवली हे एकेकाळी शेतीचे व दगडखाणींचे गाव होते. बॅकबेच्या भरणीसाठी येथील दगडमाती आगगाडीने नेण्यात आली. आज तेथे बहुमजली इमारती उभ्या आहेत. राखणीचे कुत्रे पूर्वी खाणीच्या कडेवरून कोसळत असेल, तर आता ते सज्जातून किंवा गच्चीवरून पडते. खेड्यात माळवद, बिनकठड्याची विहीर आणि उसाची गाडी ही त्याची ठिकाणे होत.

पडलेले कुत्रे पुष्कळदा तत्काळ उठते, अंग झाडते व शेपूटही हलविते. त्यामुळे मालक निर्धास्त होतो आणि येथेच घात होतो. प्लीहा किंवा यकृत फुटून पोटात होणारा रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. छातीस बसलेल्या माराचे परिणाम तर कित्येक तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी, प्रकट होतात.

तपासणीपूर्वी स्वतःस जपावे. वेदनेने व्याकूळ झालेले लाडके कुत्रेही चावते. मऊ कापडाच्या पट्टीने तोंड बांधावे. परंतु ओकारी किंवा धाप असल्यास मुळीच बांधू नये. चावा बसलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रथम ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी गुलाबी व ओलसर असते. ती बोटाने दाबून सोडली असता पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पूर्ववत होते. याहून विलंब लागणे किंवा हिरडी मुळातच फिकट असणे हे रक्तस्रावाचे अथवा धक्क्याचे चिन्ह समजावे. निळसर हिरडी श्वासोच्छ्वास अपुरा असल्याचे सांगते. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. अशा वेळी खालची पापणी ओढून आतील भाग पाहावा.

नंतर छातीकडे लक्ष द्यावे. स्वस्थ बसलेले कुत्रे मिनिटास साधारणतः दहा ते तीस वेळा श्वास घेते. मान ताणून, कोपरे बाहेर काढून किंवा पोटाने जोर लावून श्वास घेणारे कुत्रे संकटात आहे. बरगड्यांच्या मागे श्वासपटल फाटले असल्यास पोटातील अवयव छातीत सरकतात. म्हणून त्यास मागील पायांनी उचलून उलटे धरू नये.

पोट फुगत जाणे, हात लावताच ते ताठरणे, मागील पाय फरफटणे ही लक्षणे गंभीर होत. लघवी झाली म्हणजे मूत्राशय शाबूत आहे, असे मात्र मानू नये.

कुत्र्यास फळीवर किंवा ताणून धरलेल्या घोंगडीवर निजवून न्यावे. हळदीचे दूध पाजण्याची रीत मायेची असली तरी शस्त्रक्रियेची वेळ आल्यास ते नडते; पाणीही देऊ नये. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या त्यास विषासमान ठरू शकतात. हाडवैदूकडून ओढून घेणे तर सर्वथा टाळावे.

ग्रामीण भागात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा. मुंबईकरांना परळ येथे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय व १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय उपलब्ध आहे. कुत्रे किती उंचीवरून, केव्हा व कशावर पडले, तसेच लघवीत रक्त होते काय, हे पशुवैद्यकास सांगावे. त्यांनी घरी पाठविल्यावरही दोन दिवस त्यास बांधून शांत ठेवावे आणि हिरड्या व श्वास दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, पाहत राहावे.