पान उलटून बघा!

बारावीला जीवशास्त्र घेतलं, की पाहुणे विचारतात, "डॉक्टर होणार ना?" आणि मेडिकलला नंबर लागला नाही, तर बी.एस्सी. म्हणजे जणू हार! दोस्तांनो, खरंच तसं आहे का?

सोनई म्हणजे ऊस आणि साखर कारखान्याचं गाव. २००२ साली महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा आला. पानांमागे जणू कापूस पसरला! ही कीड रस शोषते. तिचा चिकट, गोड स्राव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते. मग पान अन्न कसं तयार करणार? उंच उसात फवारणी अवघड. शिवाय औषधानं मित्रकीटकही मरतात.

तेव्हा अभ्यासकांनी माव्याचे शत्रूच कामाला लावले. डिफा पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा कीटक मावा फस्त करतात. ते वाढवून शेतात सोडले गेले.

किडीचं जीवनचक्र, बुरशी, पानाचं काम हेच तर बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्रात शिकायचं असतं! पुढं एम.एस्सी., संशोधन, अध्यापन अशा वाटा आहेत. वेळ लागतो, चिकाटी लागते.

आईबाबा, मुलांना मार्कांबरोबर एवढंही विचारा, "तुला यातलं काय आवडतं?" आणि दोस्तांनो, शेतात गेलात की एक पान नक्की उलटून बघा.